नवी पेठ ते मिऱ्या बंदर, भीमाकाठाने

सीना सोलापूरकराला तीनदा भेटते. पुण्याकडे निघालात तर लांबोटीला, मंगळवेढ्याकडे निघालात तर तिऱ्ह्याला आणि विजापूरकडे निघालात तर वडकबाळला. चारचाकीतून हे तिन्ही पूल क्षणात मागे पडतात आणि ही एकच नदी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सायकलवर येतं, कारण पुलाच्या अलीकडे उतार असतो आणि पलीकडे चढ. शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेकडे वळसा घालून सीना पुढे कुडलला भीमेत मिळते. या वळशाच्या आतबाहेरचे रस्ते हेच सोलापूरच्या सायकलस्वाराचं घरचं मैदान आहे, आणि नेमकं तेच रिकामं पडलेलं असतं.

सायकल गाडीमागे बांधायची आणि थेट कोकणात न्यायची, ही पद्धत हल्ली वाढली आहे. कोकणाशी माझं वाकडं नाही; या लेखात शेवटी समुद्रापर्यंत जायचंच आहे. पण आधी घरातून निघून घरी परत येणाऱ्या वाटा चालवा. कॅरिअरला बांधलेली पिशवी कुठे घासते, सीट किती उंच हवी, साठ किलोमीटरनंतर मनगटं दुखतात की पाठ, या गोष्टी आंबा घाटात कळण्यापेक्षा मंद्रूपला कळलेल्या बऱ्या. मंद्रूपहून एसटीने घरी येता येतं.

निघायचं ते दुकानांची शटर उघडायच्या आत. दिवसा नवी पेठेतून सायकल हातात धरून न्यायची म्हटली तरी मुश्कील; पहाटे मात्र तिथून सात रस्त्यापर्यंत यायला फारसा वेळ लागत नाही. पुढे विजापूर रस्त्याने कंबर तलाव, विजापूर नाका, सोरेगाव. गाव संपलं की वारा अंगावर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा हंगाम. त्या दिवसांत वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो आणि सकाळी नऊपर्यंत तो जवळजवळ पडलेलाच असतो. पावसाळ्यात उलट: जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा इतका भरून येतो की पंढरपूरकडे जाताना सपाटीवरही गिअर खाली आणावा लागतो, आणि येताना तोच वारा पाठीत हात घालून आणतो. म्हणून पावसाळी फेरी पश्चिमेला सुरू करा; परतीला दमलेल्या पायांना मदत होते. मार्चपासून मेअखेरपर्यंत साडेदहानंतर रस्त्यावर राहू नका. पारा चाळिशी ओलांडतो, डांबर खालून भाजतं आणि भीमाकाठ सोडला तर सावलीला झाड शोधावं लागतं.

पहिली फेरी कुडलची. हत्तरसंग कुडल सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. वडकबाळचा पूल ओलांडला की सीना तुमच्या डाव्या हाताला राहते. मंद्रूपच्या पुढे महामार्ग सोडून डावीकडे गावच्या रस्त्यांना लागायचं. नेमका फाटा मंद्रूपमध्ये चहा घेतानाच विचारून घ्या. फोनमधला नकाशा कधी कधी पाणंद रस्त्यालाही पक्का रस्ता समजतो आणि काळ्या रानात नेऊन सोडतो. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी चालुक्यकालीन मंदिरं आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरात १९९९ साली झालेल्या उत्खननात बहुमुखी शिवलिंग मिळालं. एका पाषाणावर साडेतीनशेहून अधिक मुखं कोरलेली आहेत. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत त्याची गणना होते. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. अलीकडच्या काठावरही पारावर बसलेली माणसं आपसात कन्नड बोलतील आणि तुम्हाला पाहून मराठीत विचारतील, ‘कुठनं आलाव?’ उत्तर दिलंत की पाणी आपोआप पुढे येतं.

जाऊन-येऊन ऐंशी ते पंच्याऐंशी किलोमीटर होतात. नवख्याने दहा वाजता कुडलला पोहोचावं, दुपार मंदिराच्या थंड दगडी मंडपात काढावी आणि चार वाजता परतावं. शिदोरीसाठी सोलापूरकराला बाहेर बघायचं कारण नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे या भागाने सायकलस्वारासाठीच शोधलं असावं असं मला नेहमी वाटतं: वजन नगण्य, महिनाभर नासत नाही, तेल सांडत नाही आणि बंद पाकिटातल्या परदेशी बारपेक्षा पोटाला जास्त वेळ धरतं. सोबत गूळ आणि मीठ-लिंबू. सोलापुरी चादर मात्र घरीच ठेवा. तिचं वजन चढावर कळतं. टॉवेल घ्या. ओला करून मानेवर टाकला की दुपार सुसह्य होते.

आता काट्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सोलापूरच्या रस्त्यांवर सायकल अडते ती बहुतेक वेळा काट्यापायी. वेडी बाभूळ दोन्ही नद्यांच्या काठांनी माजलेली आहे. शेतकरी कुंपणासाठी तिच्या फांद्या तोडून ओढत नेतात आणि काटे रस्त्यावर पडतात. दुसरा शत्रू सराटा. त्याचं फळ मटारएवढं, पण कसंही पडलं तरी एक काटा वर. सायकल रस्त्याच्या कडेला, मातीत उभी केलीत की समजा पंक्चर झालंच. थांबायचं तर डांबरावर किंवा फरशीवर थांबा आणि सायकल उचलून न्या, ढकलत नेऊ नका. रेसिंगचे अरुंद टायर या भागात निरुपयोगी. पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर, ट्यूबमध्ये सीलंट, दोन जादा ट्यूब, पॅच, लिव्हर आणि हातपंप एवढं हवंच. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर ती पाच मिनिटांत बसते. मोठ्या गावांत दुचाकीचं पंक्चर काढणारा मिळतो. पण तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर त्याच्या पंपाला तो लागत नाही. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर जवळ असला की प्रश्न मिटतो.

काळी माती हा दुसरा विषय. कोरडी असताना ती रस्त्यापेक्षा मऊ आणि छान. एक सर पडली की मडगार्ड आणि चाक यांच्यात अशी भरते की चाक फिरेनासं होतं. पावसाळ्यात आडरस्त्याचा मोह टाळा आणि मडगार्ड चाकापासून दोन बोटं लांब बसवून घ्या.

भीमेवर आणि सीनेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे आहेत. पूल दूर असेल तर गावकरी बंधाऱ्यावरून मोटारसायकल घालतात. सायकलीने ते ओलांडण्यात मजा आहे, एका बाजूला तुंबलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला उघडे खडक आणि बगळे; वीस-तीस किलोमीटरचा वळसाही वाचतो. पण नियम एकच: बंधाऱ्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा जरी वाहत असला तरी उतरायचं नाही. खाली शेवाळ असतं आणि कठडा नसतो. भीमेच्या बाबतीत आकाशाकडे बघून अंदाज बांधू नका. पंढरपूरच्या यात्रांसाठी आणि सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडलं जातं, ते औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत येतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही कोरडं पात्र एका रात्रीत भरू शकतं. वाळूत तंबू ठोकण्याआधी नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारा. पाणी कधी सुटणार हे त्याला तोंडपाठ असतं, त्याची मोटर त्यावर चालते. सीनेचा स्वभाव वेगळा. वर्षभर डबक्यांतून दिसणारी ही नदी सप्टेंबर २०२५मध्ये अशी आली की माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांतली कित्येक गावं पाण्याखाली गेली. परतीच्या पावसात सीनाकाठचा बेत नकोच.

दुसरी फेरी दोन दिवसांची, साधारण दीडशे किलोमीटरची. देगाव, तिऱ्हे, कामती, बेगमपूर, भीमेचा पूल, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर आणि मोहोळमार्गे परत. सोलापूर-मंगळवेढा हा रत्नागिरीहून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६६चा भाग आहे. रुंद आहे, बाजूची पट्टी सायकलला पुरते. कंटाळवाणा आहे हे कबूल. म्हणूनच पुलाजवळ वेळ काढा. माचणूरचं सिद्धेश्वराचं मंदिर थेट नदीत उतरणाऱ्या घाटावर आहे, शेजारी गढीवजा किल्ला. जवळच्या ब्रह्मपुरीला १६९५पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी होती. दिल्लीचा बादशहा त्या काळात राज्य चालवत होता ते या काठावरून. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाहिलं तर छावणीसाठी हीच जागा का निवडली ते कळतं: बारमाही डोह, उंच काठ, चारी बाजूंना मोकळं रान.

मंगळवेढा दामाजीपंतांचं आणि कान्होपात्रेचं. चोखोबांचा अंतही इथेच गावकुसाची भिंत कोसळून झाला. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र मंगळवेढ्याची ओळख ज्वारी. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढी ज्वारी आणि कुठेतरी आगटीचा धूर दिसेल. हुरडा खायला बोलावलं तर नाही म्हणू नका, पण भरपेट खाऊन लगेच सायकल मारू नका. मुक्काम पंढरपूरला. भक्तनिवास, मठ, धर्मशाळा यांची तिथे कमी नाही; सायकल खोलीत किंवा कुलूपबंद आवारात ठेवता येईल का एवढं आधी विचारा. आषाढी आणि कार्तिकीच्या आधीचा आठवडा टाळा, जागा आणि रस्ता दोन्ही मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी मोहोळपर्यंत आणि तिथून पुणे महामार्गाने घरी. लांबोटीला चिवड्यासाठी थांबण्याबद्दल सोलापूरकराला सांगावं लागत नाही.

या फेरीत खरी काळजी घ्यायची ती उसाच्या ट्रॅक्टरची. जिल्हा साखर कारखान्यांनी भरलेला आहे आणि गाळपाचा हंगाम नेमका आपल्या सायकलीच्या हंगामात येतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि गाणी अशी लावलेली की घंटी सोडा, ट्रकचा हॉर्नही चालकाला ऐकू जात नाही. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून आत वळू नका. दुसरी वळणावर आतल्या बाजूला सरकते. ट्रॅक्टर मागून येतोय असं वाटलं तर सरळ रस्ता सोडून उभे राहा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा आणि पहाटे निघताना मागचा लाल दिवा लावाच, अंगात परावर्तक पट्ट्यांचं जाकीट घाला. कुत्र्यांबद्दल एवढंच: पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा.

ज्यांना देवदर्शन आणि सायकल एकत्र साधायची आहे त्यांनी अक्कलकोट-गाणगापूर करावं. अक्कलकोटला स्वामींच्या अन्नछत्रात जेवण, पुढे मैंदर्गी-दुधनीकडून सीमा ओलांडून भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर. एकेरी शंभरेक किलोमीटर. परतीला गाणगापूर रोड स्टेशन आहे, पण ते देवस्थानापासून वीसेक किलोमीटर दूर, हे विसरू नका.

सोलापूरला समुद्र नाही, पण उजनी आहे. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं आणि फुगवटा करमाळा-इंदापूरपर्यंत पसरतो. इथे सायकलीने पोहोचण्यात जीव घालवू नका. पुण्याच्या दिशेने रेल्वेने जेऊर, पारेवाडी किंवा भिगवण गाठा आणि काठाकाठाने फिरा. जानेवारी ते मार्च रोहित पक्षी. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर आणि कुगावच्या इनामदारांचा वाडा वर येतो. जेवायला चिलापी नाहीतर मरळ. एका काठावरून दुसऱ्या काठावर बोटीने जाण्याचा मोह होतो. २१ मे २०२४ला कळाशी-कुगाव दरम्यान वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल किंवा वारा सुटलेला असेल तर सायकल वळवा, रस्त्याने जा.

एवढं झालं की समुद्राची तयारी झाली म्हणायची. भीमा भीमाशंकरला, अरबी समुद्रापासून फार लांब नाही अशा जागी उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. नदीचं बोट धरून आपल्याला किनारा गाठता येत नाही. मात्र देगावहून निघणारा तो कंटाळवाणा महामार्ग रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरापर्यंत जातो. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. पाच दिवस ठेवा. पहिला मुक्काम सांगोल्याला, दुसरा मिरजेला. या दोहोंमधला नागज-कवठे महांकाळचा टप्पा सर्वांत रुक्ष. ढालगाव परिसरातल्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत; वारा समोरून असेल तर ताशी बारा किलोमीटरही होत नाहीत. पाण्याच्या तीन बाटल्या भरून घ्या. ज्यांना हा टप्पा नको त्यांनी सोलापूर-मिरज रेल्वे धरावी. त्यात कमीपणा काही नाही. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते. पेडल काढून, हँडल वळवून, नाव-पत्ता लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल दोन ठिकाणी बांधून गाडीच्या वेळेच्या बरंच आधी पोहोचा.

तिसरा दिवस कोल्हापूरपर्यंत, तो मुद्दाम छोटा. चौथ्या दिवशी बांबवडे, मलकापूर करत आंबा. इथे पहिल्यांदा खरे चढ लागतात. सोलापूरच्या सपाटीवर पाय एका लयीत फिरायला शिकलेले असतात. चढावर तीच लय टिकवून गिअर हलका करत जायचं. पाचव्या दिवशी घाट. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड तपासा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा. मागचा आधी, पुढचा जपून. अवजड ट्रकच्या मागे राहण्यापेक्षा थांबून त्याला पुढे जाऊ द्या. साखरपा आलं की हवा बदलते, माती लाल होते आणि घाम वाळत नाही. नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हा घाटावरच्या माणसाचा गैरसमज. कोकणात रस्ता खाडीवरून सड्यावर चढतो, सड्यावरून पुन्हा पुळणीवर उतरतो आणि दिवसभर हेच चालतं. एकेक चढ लहान, पण आंबा घाटापेक्षा तीव्र. म्हणून रोजचं अंतर पन्नास किलोमीटरच्या वर ठेवू नका. रत्नागिरीहून उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, केशवसुतांचं मालगुंड आणि जयगड हा एक दिवस. जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर हा दुसरा. गुहागरहून धोपावे, तिथून पुन्हा फेरीबोट, पलीकडे दाभोळ. मग कोळथरे, लाडघर करत दापोली हा तिसरा. फेरीबोटीत सायकलीला जागा सहज मिळते. शेवटची बोट किती वाजता हे आदल्या मुक्कामीच विचारा, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालण्यात दुसरा अख्खा दिवस जातो. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वळणावर एसटी समोर आली तर बाजूला व्हायला जागा नसते. वळणाआधी घंटी वाजवत जा. पुळणीवर सायकल घालायचा मोह होईलच. घाला, पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्या, नाहीतर सोलापूरला येईपर्यंत ती गंजून तांबडी झालेली असेल.

दापोलीहून परतीसाठी पुण्यापर्यंत बस आणि पुण्याहून सोलापूर हा सोपा मार्ग. खासगी बसच्या डिकीत सायकल जाते. भाडं बसवाल्याशी आधी ठरवा, पुढचं चाक काढा, साखळी आणि गिअर असलेली बाजू वर येईल अशी ती आडवी ठेवा आणि खाली तुमची पथारी अंथरा. तिच्यावर कोणाची आंब्याची पेटी येणार नाही एवढं डिकी बंद होईपर्यंत तिथे उभं राहून बघा.